सहाव्या फलाटापासून पुढचा आवाज

१७ जानेवारी
मुक्काम: जंक्शनच्या मागे, वायरमन लोकांची खोली

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हे 'वि. वि.' कशासाठी घालतात ते मला आजही धड माहीत नाही. शाळेत पत्रलेखनाचे निम्मे मार्क या सुरुवातीलाच मिळायचे, म्हणून तेवढं डोक्यात राहिलं. बाकीची शाळा वाटेत कुठे सांडली कोण जाणे. पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलं असशीलच. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली, असं म्हणायचीस. कोंबडी अजून तशीच चालते.

मी बरा आहे. थोडा वाळलोय, पण तो उन्हाचा प्रताप. जेवण वेळेवर होतं, कारण आमचे मिस्त्री जेवणाच्या बाबतीत गाडीपेक्षा वक्तशीर आहेत. खोली लहान आहे. दोन खाटा, एक स्टोव्ह आणि उरलेल्या जागेत वायरची वेटोळी. उशाला कधीकधी वेटोळंच घेतो. खिडकीतून डबे धुण्याची जागा दिसते. लांब दांड्याचे ब्रश घेऊन बाया डब्याच्या अंगावरून असा हात फिरवतात, जशी म्हैस धुतात. परवा एका डब्याची खिडकी उघडी राहिली होती आणि आत कुणीतरी झोपलेलं होतं. त्याची आंघोळ झाली, मग त्याने त्या बाईची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. ती म्हणाली, साबण हवा का. मी अर्धा तास हसत होतो. मिस्त्री म्हणाले, काम कर.

हां, काम. मी रेल्वेत लागलो. म्हणजे रेल्वेत नाही, रेल्वेचं काम घेतलेल्या ठेकेदाराकडे. मिस्त्रींच्या हाताखाली. ते खाली उभे राहून शिडी धरतात आणि मी वर चढतो. भोंग्यांची दुरुस्ती आहे. फलाटावरचे भोंगे. उंचावर मला बरं वाटतं, तुला माहीत आहेच. लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढलो होतो तेव्हा तू खाली उभी राहून आधी रडलीस, मग मी उतरल्यावर दोन कानाखाली दिल्यास. तेव्हा माझ्या मनात आलं होतं की वरच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

मधल्या वर्षांत काय केलं ते सगळं सांगत बसलो तर कागद पुरणार नाही. शीतगृहात पेट्या उचलल्या. बाटल्या धुतल्या. एका रंगाऱ्याबरोबर फिरलो, त्याला शिडीची भीती वाटायची, म्हणून त्याला माझी गरज होती. पुलाच्या कामावर होतो. एका लॉजमध्ये चादरी बदलल्या. कुठेही महिना-दोन महिने झाले की तळपायाला काहीतरी चावायला लागतं, मग मी पिशवी उचलतो आणि स्टेशनवर जाऊन बसतो. आणि स्टेशनवर बसलो की तू.

मी घरातून निघताना काय बोललो होतो ते तुला आठवत असेल. माझ्या तर शब्दन् शब्द लक्षात आहे. तुझा आवाज ऐकू येणार नाही इतक्या लांब जातो, असं म्हणून दार आपटलं होतं. दाराची वरची कडी तेव्हा सैल होती. बसवून घेतलीस का?

आता गंमत ऐक. काही महिने इकडेतिकडे काढले, मग दोन दिवस प्रवास करून मी अशा गावात उतरलो जिथे कुत्रंही मला ओळखत नव्हतं. छाती भरून श्वास घेतला. आणि डोक्यावरून तू म्हणालीस, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." मी दचकून मागे बघितलं, शपथ. तेव्हा तुझा नोंदवलेला आवाज नुकताच सगळीकडच्या भोंग्यांवर लागला होता. मग पुढच्या गावी गेलो, तिथेही तू. समुद्राच्या टोकाशी एक स्टेशन आहे, रूळ तिथेच संपतात, गाडीला पुढे जायला जागाच नाही. तिथेही तूच सांगतेस की ही गाडी यापुढे जाणार नाही. तिथे मी एका बाकावर बसून हसलो आणि मग बराच वेळ नुसता बसून राहिलो.

पत्र का लिहिलं नाहीस, असं तू विचारशील. खरं सांगू? मला वाटायचं आपलं बोलणं होतंच आहे. तू बोलायचीस आणि मी ऐकायचो. घरीतरी वेगळं काय होतं?

तुझी तब्येत कशी आहे? हिवाळ्यात घसा धरायचा, तसा अजून धरतो का? उत्तर आलं तर या पत्त्यावर मिळेल, आम्ही महिनाभर या भागात आहोत. नाही आलं तरी मी समजेन.

तुझा,
भिंगरी


९ फेब्रुवारी
मुक्काम: बदलला, पण पत्र जुन्या पत्त्यावर टाकलंस तरी मिस्त्रींचा माणूस पोचवतो

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. "पत्र मिळालं. कडी बसवली. भोंग्यांची कसली दुरुस्ती, ते लिही." एवढंच. एवढ्या मोठ्या कार्डावर तीन वाक्यं आणि खाली सगळी जागा कोरी. तू भाजीवाल्याशीसुद्धा यापेक्षा जास्त बोलतेस. पण मी ते कार्ड टोपीत ठेवलंय. टोपी पडली तर आधी कार्ड बघतो, मग टोपी.

तू नेमकं तेच विचारलंस. मी लिहितानाच तो शब्द घाईत टाकून पुढे गेलो होतो.

दुरुस्ती नाही ताई. आम्ही काढतोय. जुने भोंगे, जुनी पेटी, पेटीतला आवाज, सगळं. त्या जागी नवीन यंत्र बसतंय. त्याला काहीही लिहून दिलं की ते वाचतं. स्टेशनामागून स्टेशन असं चाललंय, या पट्ट्याचं काम आमच्याकडे आहे. म्हणजे शिडीवर चढून जो तुझा आवाज उतरवतो, तो मी. कामावर घेताना मला फक्त भोंगे सांगितले होते. पहिल्या दिवशी पेटी उघडली तेव्हा कळलं. तेव्हाच पिशवी उचलायला हवी होती. बाकी सगळीकडून उचलली, इथूनच नाही उचलली. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. बहुतेक असं वाटलं की दुसऱ्या कुणी उतरवण्यापेक्षा मी उतरवलेला बरा.

मिस्त्रींची एक पद्धत आहे. वायर तोडायची वेळ आली की ते आधी कान देतात. भोंगा बोलत असेल तर थांबतात. वाक्य पुरं होऊ दे, म्हणतात, अर्ध्यात तोडू नये. मी विचारलं, मशीनला काय कळतंय. ते म्हणाले, मशीनला नाही रे, मला कळतं. म्हणून सगळीकडे तुझं शेवटचं वाक्य पूर्ण झालेलं आहे. एवढी खात्री मी तुला देतो.

मागच्या आठवड्यात एक साहेब काम बघायला आले. माणूस वाईट नव्हता. खुर्ची स्वतः पुसून बसला, आमच्यातला चहा घेतला, कप विसळून ठेवला. त्याने समजावून सांगितलं की जुन्या पद्धतीत एक नवीन गाव वाढलं तरी आवाजवाल्या बाईला बोलवा, यंत्रवाले बोलवा, तुकडे कापा, जोडा, आणि प्रत्येक स्टेशनवर पेटीच्या देखभालीला माणूस ठेवा. आता एका जागी बसून एक माणूस सगळी लाईन सांभाळेल. लोकांनी तिकिटाला दिलेल्या पैशाचं चीज झालं पाहिजे, असं म्हणाला. हे म्हणताना त्याचा चेहरा अगदी प्रामाणिक होता.

मी विचारलं, आणि ती बाई?

"कुठली बाई?"

"जिचा आवाज आहे ती."

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "बाई होती का? मला वाटायचं हे पहिल्यापासून मशीनच आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी पक्कड शोधायला लागलो. ती माझ्या हातातच होती.

बरं, राग काढावा तर तोही कुणावर? परवा मधल्या एका स्टेशनवर नवीन यंत्र सुरू झालं. एक आंधळा गृहस्थ होता, बरोबर कुणी नाही, हातात काठी. त्याची गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर वळवली. नवीन आवाजाने ते ताबडतोब सांगितलं, किती उशीर तेही मिनिटावर सांगितलं, पूल कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा सांगितलं. तो शांतपणे पुलावर चढला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. तुझ्या तुकड्यांमध्ये ते वाक्यच नव्हतं. पूर्वी अशा वेळी हमाल ओरडत धावायचे आणि निम्मे लोक भलत्याच फलाटावर राहायचे. काम चोख आहे ताई, हीच तर पंचाईत आहे. वाईट असतं तर शिव्या देता आल्या असत्या.

तुझा आवाज लागला तेव्हाही कुणीतरी साहेब हेच बोलला असेल. स्टेशनागणिक माईकवर बसणारी माणसं कशाला, एकदाच नोंदवा आणि सगळीकडे वाजवा. त्यात आपल्या स्टेशनवर माईकवर बसणाऱ्या माई गेल्या, सगळ्या स्टेशनांवरच्या अशा माई गेल्या, आणि शेवटी तूही गेलीस. तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो होतो. आवाज विकलास, ज्यांनी तुला माईकवर बसायला शिकवलं त्यांच्याच पोटावर पाय दिलास, असं तुझ्या तोंडावर म्हणालो. तू भाकरी थापत होतीस. हात थांबवला नाहीस आणि उलट उत्तरही दिलं नाहीस. उत्तर दिलं नाहीस म्हणून मला वाटलं की माझंच खरं.

आता ओरडायला कोण उरलंय, तर मीच. आणि मी शिडीवर आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण सांगायला आपण भेटलोच नाही. रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी तू घरी आलीस ती उड्या मारत. जेवताना सगळं सांगत होतीस. आज सगळी गावं झाली, 'येत आहे' झालं, 'सुटत आहे' झालं, फलाट पाचपर्यंत झाले. तेवढ्यात घसा सुकला म्हणून बाकीचं उद्या. उद्या सहापासून पुढे, आणि गाडीला उशीर झाल्याचं ते लांबलचक वाक्य. चमचा माईकसारखा धरून बोललीस. मी तोंड वाकडं करून बसलो होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते सगळं बोललो, दार आपटलं, आणि तू तशीच रेकॉर्डिंगला गेलीस.

ताई, ते ऐकू येतं.

दुसऱ्या कुणाला नाही येणार. मिस्त्री इतकी वर्षं भोंग्यांत काढताहेत, त्यांनाही नाही आलं. पण एकपासून पाचपर्यंत तू वेगळी आहेस. 'फलाट क्रमांक तीन' म्हणताना असं वाटतं की तुझ्या तोंडात खडीसाखर आहे. आणि सहापासून पुढे आवाज खाली बसलेला आहे. प्रत्येक आकड्याच्या आधी एक श्वास आहे, जो आदल्या दिवशी नव्हता. छोट्या स्टेशनांवर तू नेहमी आनंदात असतेस. मोठ्या जंक्शनला गेलो आणि गाडी आठ नंबरला लागली, की मी बाहेर जाऊन उभा राहायचो. कामाच्या जागा निवडतानाही मी लहान गावं बघायचो. लोकांना वाटायचं, पोरगा साधा आहे, गर्दीला बुजतो.

हे लिहायचं नव्हतं. पण सुटलं हातातून, आता खोडत नाही.

मुख्य गोष्ट अजून राहिलीच आहे. मला माई भेटल्या. त्यांचे जावई एका स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले आहेत, त्यांच्या क्वार्टरमध्ये असतात. बाहेर सावलीत शेंगा सोलत बसल्या होत्या. मी शिडी घेऊन चाललो होतो, त्यांनी कपाळावरून ओळखलं, म्हणाल्या, भिंगरी का रे तू, अजून कुणी बांधलं नाही तुला? मला पुढ्यात बसवलं आणि माझ्याकडूनही शेंगा सोलून घेतल्या. तू दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारतेस हे त्यांच्याकडून कळलं. मी म्हटलं, माई, तुमच्यासाठी मी ताईशी भांडलो होतो. जरा छाती पुढे काढूनच म्हटलं. त्या शेंगा सोलायच्या थांबल्या.

त्या म्हणाल्या, साहेबांनी आधी मलाच विचारलं होतं. पण माझ्या कवळीतून शिट्टी वाजते रे. 'स्टेशन' म्हटलं की प्रवाशांना वाटेल गाडी सुटली. आणि मग हसल्या, आणि खरंच शिट्टी वाजली. पुढे म्हणाल्या, ताई नकोच म्हणत होती. मीच तिला पाठवलं. दुसरी कुणी आली असती तर गावांची नावं चेंगरून टाकली असती.

मी विचारलं, मग मला कुणी का नाही सांगितलं?

"मी निघालेच होते सांगायला. तिनेच हात धरला. म्हणाली, राहू द्या माई. जन्मात पहिल्यांदा कुणासाठी तरी उभा राहिलाय. त्याला उभं राहू द्या."

ताई, मी त्या शेंगा पुऱ्या सोलल्या.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला आपलं स्टेशन आहे. या पट्ट्यातलं ते शेवटचं. मला तुझ्यासमोर उभं राहून जे बोलायचं आहे ते पत्रात मावत नाही. दिवस नक्की झाला की मिस्त्रींच्या माणसाबरोबर निरोप पाठवतो. आपल्या स्टेशनवरचा तुझा आवाज उतरायच्या आधी तू तिथे यावंस, एवढंच मागणं आहे. मग तू दोन कानाखाली दिल्यास तरी चालेल. टाकीवरून उतरल्यासारखं समजेन.

तुझा,
भिंगरी


४ मार्च
आपल्या स्टेशनवरून

ती. ताईस,

मागच्या पत्राला आणि आजच्या दिवसाच्या निरोपालाही तुझं उत्तर आलं नाही, तरी तू आलीस.

मी तुला आधी पाहिलं. मी पुलाच्या खांबाला लावलेल्या शिडीवर होतो, तू वजनाच्या काट्याशेजारी उभी राहिलीस. दवाखान्यातून तशीच आलेली दिसत होतीस, अंगात तो पांढरा कोट, खांद्याला पिशवी. केस पांढरे झालेत. कानापाशी. चालताना डावा पाय जरा सांभाळून टाकतेस, ते कधीपासून? मला कुणी सांगितलं नाही, आणि कोण सांगणार, मी विचारलं कुणाला?

मला वाटलं होतं की शेवटचं वाक्य पहिल्या दिवसाचं असेल. आपल्या स्टेशनवर फलाटच दोन, त्यामुळे इथे तू कायम आनंदात. मी मनात ठरवूनही ठेवलं होतं की दुपारची पॅसेंजर एक नंबरवर येत आहे, हे झालं की वायर सोडायची, खाली उतरायचं आणि सरळ तुझ्याकडे यायचं. पण पॅसेंजरला उशीर झाला. आजच व्हायचा होता. मिस्त्री खालून कान देऊन उभे, आणि भोंग्यातून तू सुरुवात केलीस. गाडी उशिरा धावत आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दुसऱ्या दिवसाचा तो आवाज. तो श्वास.

तू वर बघत होतीस. माझ्याकडे नाही, भोंग्याकडे. तुझे ओठ हलले असं मला वाटलं. इतक्या उंचावरून नीट दिसत नाही, कदाचित नसतील हलले. वाक्य पूर्ण झालं. मिस्त्रींनी हात वर केला आणि मी वायर सोडवली.

मग नवीन जोडणीच्या आधी लाईन तपासावी लागते. त्यासाठी एक लांब वायरचा माईक असतो, तो माझ्या गळ्यात होता. रोजचंच काम. वर बसून बोलायचं, आवाज सगळ्या भोंग्यांतून नीट येतो का ते मिस्त्री खालून सांगतात. काय बोलायचं त्याला नियम नाही. एका स्टेशनवर मी गाणं म्हटलं होतं, मास्तरांनी तंबी दिली.

माईक तोंडाशी होता. सगळं स्टेशन ऐकत होतं. तू खाली उभी होतीस. मी ताई म्हटलं असतं तर पुलापासून मालधक्क्यापर्यंत ताई ऐकू गेलं असतं. आणि मी म्हणालो, हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन.

तू पिशवीचा पट्टा नीट केलास. थोडी थांबलीस, ते मी पाहिलं. मी परत म्हणालो, हॅलो, एक, दोन, तीन. मग तू घराकडे निघालीस.

मिस्त्रींनी खालून विचारलं, कोण रे ती? आणि मी काय सांगितलं असेल? प्रवासी असेल कुणी, असं सांगितलं. मिस्त्री शिडी धरून होते, वर बघितलं नाही. म्हणाले, प्रवासी गाडीकडे बघतो रे. ती भोंग्याकडे बघत होती.

त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. दोन स्क्रू खाली पडले. मिस्त्रींनी मला उतरवलं आणि स्वतः चढले, या वयात. खाली उभा राहून मी त्यांची शिडी धरली आणि त्यांना सगळं सांगितलं. काम संपवून उतरले, हात पुसले, आणि म्हणाले की एक भोंगा राहिलाय, कुंपणापलीकडे आपल्या गल्लीकडे तोंड केलेला. त्याचा स्क्रू गंजलेला दिसतोय, आज निघायचा नाही, उद्या सकाळी बघू. मी बघितलं होतं तो स्क्रू. नव्यासारखा होता.

ठेकेदाराची बाकीची माणसं सामान घेऊन पॅसेंजरने पुढे गेली. पॅसेंजर शेवटी आली तेव्हा नव्या आवाजाने सांगितलं. स्वच्छ आवाज आहे. कुठे थकवा नाही, श्वास नाही. लोकांनी वर बघितलं, मग आपापल्या पिशव्या उचलल्या. एका म्हाताऱ्या बाईने शेजारणीला विचारलं, आपली नेहमीची बाई आज रजेवर आहे का? शेजारीण म्हणाली, असेल. हे तुला सांगायलाच हवं होतं.

मी गाडीत चढलो नाही. पिशवी माझ्या पायाशी आहे. तळपायाला चावायला लागलंय, ते नेहमीचंच, पण मी बूट काढून ठेवलेत.

घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या खिडकीतलं वाळत घातलेलं कापडसुद्धा पुलावरून दिसतं. तरी मी बाकावर बसून तुला पत्र लिहितोय, हे बघून तुला हसू येईल. येऊ दे. समोर आलो की जीभ लुळी पडते आणि कागद दिसला की सुटते, ही माझी जुनी खोड. दारात उभा राहिलो तर मी कडी बघत बसेन आणि कडी छान बसवलीस असं काहीतरी बोलेन, हे मला ठाऊक आहे. आणि तू आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणशील, आणि तो विषय तिथेच संपेल. मला तो संपवायचा नाही.

म्हणून आता असं ठरवलंय. हे पत्र हमालदादांकडे देतो, ते घरी जाताना तुझ्या दारावरूनच जातात. मिस्त्री माईकची वायर त्या राहिलेल्या भोंग्याला जोडून चहा प्यायला गेलेत. बराच वेळ लागेल, असं सांगून गेलेत. ते कधी चहाला बराच वेळ लावत नाहीत. माईक माझ्या हातात आहे. गल्लीकडे तोंड केलेला तो एकच भोंगा आहे, बाकी स्टेशनला काही ऐकू जाणार नाही.

मी बोलणार आहे. एक, दोन, तीन नाही.

हमालदादा पोचायच्या आत तू खिडकीतून माझा आवाज ऐकलास, तर हे पत्र फाडून टाक, याचं काम झालं. पण काहीच ऐकू आलं नाही, तर समज की याही वेळी माझं तोंड उघडलं नाही, आणि मला जे म्हणायचं होतं ते इथे वाच: तू गप्प राहिलीस आणि मला उभं राहू दिलंस, आणि मी त्या उभं राहण्याच्या जोरावर तुलाच सोडून गेलो. सहापासून पुढे तुझ्या आवाजात जे आहे ते मी घातलेलं आहे. ते आता कुठल्याही यंत्रात राहणार नाही, पण माझ्या कानात आहे, आणि ते तिथून उतरवायला शिडी नाही.

ऐकू येवो न येवो, मी इथून हलत नाही. तू ये, किंवा नको येऊस.

तुझा भिंगरी,
फलाट क्रमांक एकवर, वजनाच्या काट्याशेजारच्या बाकावर, थांबलेला